पियानोचा प्रोफेसर: मंच, पगार आणि ती डॉक्टरेट (पार्श्वभूमी)

पियानो वाजवणारा आणि युनिव्हर्सिटीत शिकवणारा माणूस एकच, हे आता कोणालाच विचित्र वाटत नाही. बायोडेटात वर पद, खाली कॉन्सर्टची लांबलचक यादी. नागपुरात एखादं पोरगं ग्रेड आठपर्यंत, म्हणजे लंडनच्या पियानो परीक्षांच्या शेवटच्या ग्रेडपर्यंत पोचलं की घरचे विचारतातच, यात पुढे नोकरी काय, आणि मग उत्तर म्हणून अशाच कुठल्यातरी परदेशी प्रोफेसरकडे बोट दाखवलं जातं. पण ही वाजवणं-शिकवणं जोडी कशी जमली आणि त्यात डॉक्टरेट कुठून घुसली, हे फारसं कोणी सांगत नाही.

युरोपचा भाग पटकन उरकतो. पॅरिसची सरकारी संगीतसंस्था 1795 ची, लायप्झिगची 1843 ची, सेंट पीटर्सबर्ग 1862, मॉस्को 1866. या सगळ्या संस्थांना नावाजलेला वाजवणारा शिक्षक म्हणून हवा असायचा आणि वाजवणाऱ्याला दौऱ्यांच्या मधल्या काळात पगार हवा असायचा, बस्स, एवढाच सौदा. डिग्री कोणी विचारत नव्हतं. बेटोफनच्या (बीथोव्हेनच्या) शिष्याचा शिष्य असं सांगितलं की पुरे, आपल्याकडे घराणं सांगतात तसंच. आणि एकट्याने अख्खा कार्यक्रम वाजवायचा, ज्याला आपण रिसाइटल म्हणतो, ते नावसुद्धा 1840 च्या लंडनमधलं, म्हणजे हा सोलो पियानिस्ट प्रकार तसा फार जुना नाहीच.

खरी गोष्ट अमेरिकेत घडली, आणि तीही दुसऱ्या महायुद्धानंतर. 1944 च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, युनिव्हर्सिट्या फुगल्या, आणि त्यांच्यात म्युझिकचे विभागही. आता पियानोचा शिक्षक केमिस्ट्री आणि हिस्टरीवाल्यांसोबत एकाच पे-स्केलच्या रांगेत उभा राहिला. तिथे प्रमोशनला लागतं पीएचडी आणि रिसर्च. याच्याकडे काय, तर शोपॅनचे बॅलाड आणि पेपरातली चार परीक्षणं.

यावर दोन तोडगे निघाले आणि दोन्हींवर अजून भांडणं आहेत.

पहिला तोडगा म्हणजे डीएमए, डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स. 1950 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या एका म्युझिक स्कूलने ही डिग्री पुढे रेटली. तोवर संगीतातली पीएचडी म्हणजे मुख्यतः संगीतशास्त्र किंवा थिअरी, म्हणजे संगीताबद्दल लिहिणाऱ्यांची. डीएमएमध्ये प्रबंधाचा बराचसा भार वाजवण्यावर टाकला: दोन-तीन सोलो रिसाइटल, चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांसोबतचं वादन, बऱ्याच ठिकाणी एक कन्चेर्तो म्हणजे ऑर्केस्ट्रासोबतची रचना, एक लेक्चर-रिसाइटल म्हणजे बोलत बोलत वाजवायचं, भलीमोठी तोंडी-लेखी परीक्षा, आणि शेवटी पीएचडीपेक्षा आटोपशीर असं एक लिखाण.

संगीतशास्त्रवाल्यांना हे अजिबात रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, डॉक्टरेट नव्या ज्ञानाला द्यायची असते, चांगलं वाजवलं म्हणून द्यायचं ते बक्षीस. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की बेटोफनचा एक उशिराचा सोनाटा नीट उभा करायला जी वर्षं जातात ती काय रिकामी जातात का? मला विचाराल तर दुसरी बाजू बरोबर आहे, पण तिचा शेवट कसा झाला ते बघा. वाजवणाऱ्याला वाचवायला आणलेली डिग्री हळूहळू वाजवणाऱ्यालाच अडवायला लागली. नोकरीच्या जाहिरातीत लिहून येऊ लागलं, डॉक्टरेट प्राधान्याने, किंवा तत्सम व्यावसायिक अनुभव. आता हे "तत्सम" कोण मोजणार? बड्या नावाला ते लागू पडतं, मोठ्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीतसंस्थेत) आजही डिग्रीशिवायचे दिग्गज बसलेत, पण मधल्या फळीतल्या पियानिस्टला तीस-बत्तीस वर्षांपर्यंत विद्यार्थीच राहावं लागतं, तेही नेमकं ज्या वयात हात सगळ्यात चांगला चालतो त्या वयात.

दुसरा तोडगा शब्दांचा होता. युनिव्हर्सिट्यांनी नियमात "रिसर्च" च्या शेजारी "क्रिएटिव्ह ॲक्टिव्हिटी" बसवलं, म्हणजे कॉन्सर्ट हाच तुझा पेपर. ऐकायला छान. पण पेपरला पीअर रिव्ह्यू असतो, म्हणजे त्याच विषयातले लोक तो तपासतात, कॉन्सर्टला कोण करणार? मग ठरलं की आपल्याच कॅम्पसच्या हॉलमध्ये वाजवलं तर कमी वजन, बाहेरून आमंत्रण आलं तर जास्त, रेकॉर्डिंग लेबलने म्हणजे रेकॉर्ड कंपनीने काढलं तर अजून जास्त, स्वतः खर्च करून काढलं तर विचारू नका. टेन्युअरसाठी, म्हणजे कायम नोकरीसाठी, साधारण सहाव्या वर्षी ही सगळी फाइल बाहेरच्या तज्ज्ञांकडे जाते, ते पत्रं लिहितात, आणि माणूस कायम होतो किंवा सामान बांधतो. त्यात आठवड्याला अठरा तास वन-टू-वन लेसन म्हणजे पूर्ण लोड, असा तिकडचा ढोबळ हिशेब. अठरा तास दुसऱ्यांची चुकलेली बोटं ऐकायची आणि मग रात्री स्वतःचा रियाज करायचा, आणि हे न करता टिकायचं म्हटलं तर फाइल रिकामी राहते.

1958 मध्ये मॉस्कोच्या पियानो स्पर्धेत तेवीस वर्षांचा अमेरिकन पोरगा पहिला आला आणि त्यानंतर स्पर्धांचं पेवच फुटलं. विजेते वाढले, पण मोठे कॉन्सर्ट काही त्या प्रमाणात वाढले नाहीत, त्यामुळे बक्षिसं मिळवलेली कित्येक मंडळी वर्गातच आली. काही जण हातामुळे आले, साठच्या दशकात एका बड्या अमेरिकन पियानिस्टचा उजवा हात डिस्टोनियाने (बोटं आपोआप आखडण्याच्या विकाराने) गेला, तो पुढची कित्येक वर्षं डाव्या हातासाठी लिहिलेलं वाजवत आणि शिकवत राहिला, आणि त्याच्या हाताखालून जेवढे तयार झाले तेवढे चांगल्या हातांच्या लोकांकडूनही झाले नसतील.

आता आपल्याकडे या. नागपुरात पियानो आला तो कामठी छावणी, रेल्वेवाले, चर्च आणि कॉन्व्हेंट शाळांच्या मागून, सिव्हिल लाइन्स-सदरच्या बाजूने. महाल-धंतोलीकडे गाणं, तबला, हार्मोनियम, आणि विशारद-अलंकारची शिडी. पियानोवाल्यांची शिडी वेगळी, लंडनहून येणाऱ्या ग्रेड परीक्षा, आठ ग्रेड आणि वर डिप्लोमे. या दोन शिड्या कुठेच एकमेकींना लागत नाहीत. ग्रेड आठ म्हणजे डिग्री नव्हे, ती दाखवून प्राध्यापक होता येत नाही, हे बऱ्याच घरी बारावीनंतरच कळून राहिलं.

आणि प्राध्यापक व्हायचे नियम तरी काय? दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) 2018 ची नियमावली म्हणाली होती की युनिव्हर्सिटीत असिस्टंट प्रोफेसरला जुलै 2021 पासून पीएचडी सक्तीची. मग ती तारीख जुलै 2023 वर ढकलली, आणि तो जुलै आला तसं सक्तीच काढून टाकली, नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) पुरे. आता नेटचा संगीताचा पेपर बघा, भर हिंदुस्थानी, कर्नाटक, रवींद्र संगीत, तालवाद्य यावर. पियानोवाला पोट्टा तिथे राग ओळखत बसणार का? दुसरी वाट त्याच नियमावलीत आहे, मुरलेल्या कलाकारांसाठी, नामांकित गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनचा ए ग्रेड, आणि विषय तर्काने समजावून सांगता येणारा. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर गवई होता हे उघड आहे, आणि ग्रेड परीक्षांच्या रांगेत वाढलेल्या पोराच्या डोक्यात आकाशवाणीची ऑडिशन हा प्रकारच नसतो.

2022 मध्ये "प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस" नावाचं पद आलं. पीएचडी नको, किमान 15 वर्षांचा व्यावसायिक अनुभव हवा, यादीत ललित कलाही आहेत, म्हणजे अमेरिकेतलं ते "तत्सम अनुभव" आपल्याकडे वेगळ्या पाटीखाली आलं. पण मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंतच, आणि एका संस्थेत साधारण तीन वर्षं, फार तर चार. पियानोचा एक विद्यार्थी घडायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे याने कायमचा पियानो विभाग उभा राहील असं मला तरी वाटत नाही. आयोगाच्या जानेवारी 2025 च्या मसुद्यात कलांसाठी वेगळ्या अटी सुचवल्या होत्या, त्यावरही वाद सुरू झालेच.

तोवर नागपूरच्या पोरांची वाट परदेशातलीच. तिथल्या चांगल्या संस्था ऑडिशनच्या आधी प्रीस्क्रीनिंगचे व्हिडिओ मागतात, बऱ्याच ठिकाणी 1 डिसेंबरची मुदत, आणि डिजिटल पियानोवरचं रेकॉर्डिंग सहसा चालत नाही, खरा पियानो लागतो. आता मे महिन्यात 45-46 डिग्रीने साउंडबोर्ड (पियानोतली आवाज वाढवणारी लाकडी फळी) वाळलेला, जुलैत पावसाने फुगलेला, ऑक्टोबर हीटमध्ये परत आकसायला लागलेला, सूर पूर्ण वर्षभर हलत असतो. म्हणून रेकॉर्डिंग दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मधे धरायचं, आणि ट्यूनर बाहेरगावचा असेल तर त्याची तारीख गणपतीतच पक्की करून घ्यायची, नाहीतर तो दुसरीकडे बुक झालेला असतो.