कोल्हापुरातली मोकळी जागा निसर्गासाठी राखायची तर अर्ज कुठे, कागद कोणते?

या कामासाठी कुठल्याच खिडकीवर छापील फॉर्म मिळत नाही. साध्या कागदावर अर्ज चालतो, पण तो कोणाच्या टेबलावर ठेवायचा हे जागेच्या मालकीवरून ठरतं. म्हणून रोपं आणायच्या आधी उतारा काढा. वृक्षारोपणाचा फोटो पेपरात आला म्हणून जागा राखीव होत नाही. त्यासाठी विकास आराखड्यावर तिचा वापर ठरावा लागतो किंवा राजपत्रात अधिसूचना यावी लागते.

जागा नेमकी कोणाची?

शहरात ए ते ई यांपैकी वॉर्ड कोणता आणि सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) किती, हे घेऊन मालमत्ता पत्रक काढायचं. सिटी सर्व्हे झाला नसेल तिथे रि.स.नं.वरून (रिव्हिजन सर्व्हे नंबरवरून) सातबारा. दोन्ही ऑनलाइन मिळतात. नावाइतकंच सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते) आणि इतर हक्क या रकान्यांकडे बघा, खरी गोम तिथेच असते.

हद्दही तपासा. कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उचगाव इथली माणसं कोल्हापूरकरच, पण जागा ग्रामपंचायत हद्दीत. महापालिकेत दिलेल्या अर्जावर बारनिशीचा (आवक विभागाचा) शिक्का मिळेल, काम होणार नाही.

जागा महापालिकेची किंवा ले-आऊटमधली ओपन स्पेस (प्लॉट पाडताना सर्वांसाठी मोकळी सोडलेली जागा) असेल तर आयुक्तांच्या नावे अर्ज करायचा आणि प्रती नगररचना, इस्टेट व उद्यान विभागाला द्यायच्या. सरकारी जमीन असेल तर जिल्हाधिकारी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 22 खाली ते सरकारी जमीन उद्यान, वनराखीव किंवा अन्य सार्वजनिक कामासाठी नेमून देऊ शकतात आणि मग त्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर करता येत नाही. शेंडा पार्कसारख्या ठिकाणी जमीन सरकारीच, पण वेगवेगळ्या खात्यांकडे. तिथे ताबा कोणाचा, हे आधी लेखी विचारा.

उताऱ्यावर ‘देवस्थान इनाम, वर्ग 3’ दिसलं तर वहिवाटदाराची संमती पुरत नाही. देवस्थान समितीच्या अखत्यारीतली जमीन असेल तर प्रश्न समितीकडेच न्यावा लागतो. खासगी जागेत सर्व सहधारकांची लेखी संमती हवी. एक भाऊ मुंबईत असेल तर त्याचीसुद्धा.

अर्ज कोण करू शकतो?

मागणी कोणीही नागरिक करू शकतो. पण पुढे देखभालीचा करार करायचा तर नोंदणीकृत संस्था लागते. तालीम मंडळ, सोसायटी, ट्रस्ट, काहीही चालेल. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि लेखापरीक्षण अहवाल मात्र जागेवर असावेत. आपल्याकडे तालमी पुष्कळ, कागद पूर्ण असलेल्या कमी.

आराखड्याचा मार्ग

माझ्या मते शहरातल्या बहुतेक जागांना हाच मार्ग लागू पडतो. आधी नगररचनेतून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. जागेवर आधीच बाग किंवा हरितपट्ट्याचं आरक्षण असेल तर निम्मं काम झालं. तिथे लॉन-कारंजी न करता ती नैसर्गिक ठेवावी, एवढीच मागणी उरते.

आरक्षण वेगळं असेल तर ते बदलायला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 37 लागतं. महापालिकेचा ठराव, राजपत्रात सूचना, एक महिन्यात हरकती, सुनावणी आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी. नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम 26 खाली सूचना-हरकतींना 30 दिवस मिळतात. ही संधी सोडू नका. अर्जात रि.स.नं. आणि नकाशाचा शीट क्रमांक नसेल तर सुनावणीत तो कोणी शोधत बसत नाही.

खासगी जमिनीवर नुसतं आरक्षण टाकून हात झटकू नयेत. आराखडा लागू होऊन 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालक कलम 127 ची नोटीस देतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडतं. टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) की रोख मोबदला, हे पहिल्या अर्जातच मांडा. पुण्यातल्या टेकड्यांवरच्या बीडीपी (जैवविविधता उद्यान) आरक्षणाचं घोंगडं मोबदल्यावरूनच वर्षानुवर्षं भिजत पडलं.

नदी-ओढ्याकाठी पूररेषेचा दाखला जोडा. निळ्या रेषेच्या (नदीलगतच्या आतल्या पूररेषेच्या) आत बांधकामाला मुळातच मनाई आहे. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या शहरात हा मुद्दा कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

जैवविविधता वारसा स्थळ

जैविक विविधता अधिनियम 2002, कलम 37. हो, इथेही 37 च. म्हणून अर्जात कायद्याचं पूर्ण नाव लिहा, नाहीतर फाईल नगररचनेत जाऊन बसते. प्रस्ताव महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे जातो आणि अधिसूचना शासन काढतं. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाला 2020 मध्ये असा दर्जा मिळाला, त्यामुळे ‘शहरात हे होत नाही’ म्हणणाऱ्याला उदाहरण तयार आहे.

इथे प्रजातींची यादी कळीची, आणि ती एका सकाळी होत नाही. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंत फिरून तारीख, ठिकाण आणि फोटोसह नोंदी ठेवा. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची सही मिळाली तर वजन वाढतं. फक्त झाडं मोजू नका. उन्हाळ्यात टिटवी उघड्या खडीतच चार अंडी घालते, रंग असा की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. अशी जागा ‘ओसाड’ म्हणून खड्डे काढून गुलमोहर लावले तर संरक्षण कशाचं केलं?

वन्यजीव अधिनियमाच्या कलम 36 सी खालचं समुदाय राखीव क्षेत्रही आहे, पण ते वन खात्याचं काम. गल्लीतल्या प्लॉटसाठी त्या वाटेला जाऊ नका.

सोबत काय जोडायचं

मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, मोजणी नकाशा, झोन दाखला, भाग नकाशा, लागू असेल तिथे पूररेषा दाखला, प्रजातींची यादी, चारही बाजूंचे तारखेचे फोटो, संस्थेचा ठराव, शेजाऱ्यांच्या सह्या आणि देखभालीचं हमीपत्र. मोजणी टाळू नका. अतिक्रमण असेल तर ते तिथेच उघडं पडतं. कुंपण, पाणी आणि कचरा कोण बघणार, हे हमीपत्रात नावानिशी लिहा. अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतात.

अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक व तारीख घ्या. महिनाभर हालचाल दिसली नाही तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाका. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘कार्यवाही का केली नाही’ असं विचारलं तर बहुधा ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. त्याऐवजी आवक क्रमांक देऊन टिपणीची प्रत मागा, म्हणजे फाईल कोणाकडे आणि कोणत्या शेऱ्यावर अडली ते कळतं.