वरचा गिअर, खालचा गिअर: क्लच तोच, काम उलटं

‘गाडी झटका देते? क्लच हळू सोड.’ गाडी शिकणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो आणि जन्मभर पुरतो. वरचा गिअर टाकताना तो चालून जातो. खालचा गिअर घेताना मात्र त्याच सल्ल्यापायी क्लच प्लेट झिजते आणि मागे बसलेल्यांना मळमळायला लागतं.

वरचा गिअर तुम्हाला येतोच. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, क्लच दाबला, तिसरा टाकला, क्लच सोडला. इथे इंजिनाला मंदावायचं असतं आणि पाय उचलला की ते आपसूक मंदावतं. नव्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, जरा रेंगाळत उतरतो, तेवढा अर्धा सेकंद थांबा. बास.

आता आंबेनळी घाट महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताय असं धरा. गाडी तिसऱ्यात, वेग ४०, आरपीएम समजा २०००. पुढे वळण, म्हणून दुसरा हवा. त्याच वेगाला दुसऱ्यात इंजिन साधारण २९०० वर फिरायला हवं. पण क्लच दाबलेला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, म्हणजे दुसरा पडेपर्यंत इंजिन १००० च्या आसपास येऊन बसलेलं असतं. वर टाकताना थांबलं की फरक मिटतो. खाली घेताना थांबाल तितका तो वाढतो.

‘पण गिअर तर अलगद पडला!’ सगळा घोळ इथेच आहे. गिअर अलगद पडतो तो सिंक्रो रिंगमुळे. गिअरबॉक्समधली ही रिंग, बहुतेकदा पितळी, गिअर आणि शाफ्टचा वेग घासून जुळवते आणि मगच दात एकमेकांत बसू देते. कॅडिलॅकनं १९२८ मध्ये ही सोय आणली. ती नव्हती तेव्हा ड्रायव्हर डबल क्लच मारून, म्हणजे मध्ये न्यूट्रलला क्लच एकदा सोडून पुन्हा दाबून, वेग स्वतः जुळवत, जुन्या ट्रकांवर तर पुढेही कितीतरी वर्षं. पण सिंक्रो जुळवते ते फक्त गिअरबॉक्सच्या आतलं. क्लच दाबलेला असताना इंजिन पलीकडे एकटंच फिरत असतं, त्याच्याशी सिंक्रोचा काही संबंध नाही. ते जुळवणं तुमच्याकडे.

तुम्ही नाही जुळवलंत तर काय होतं ते शेजारी बसलेल्याला आरपीएमच्या काट्यावर पाहायला सांगा. क्लच सुटला की काटा १००० वरून उसळतो. त्याला वर ओढलं कुणी? चाकांनी. स्वतःचा वेग खर्च करून त्यांनी इंजिन ओढलं, म्हणून गाडी अडखळली आणि सगळ्यांच्या माना पुढे गेल्या. क्लच हळू सोडलात तर हीच ओढाताण लांबते, प्लेट घासत राहते, आणि वळणामागून वळणं असलेल्या घाटात जळका वास येतो. पावसात ओल्या रस्त्यावर एकदम सोडलात तर चाक घसरूही शकतं.

म्हणून रेस द्या. वळणाआधी, रस्ता सरळ असतानाच ब्रेकनं वेग उतरवून घ्या. मग क्लच दाबा, लिव्हर दुसऱ्यात नेता नेता अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलकेच दाबून उचला, इंजिनाचा आवाज चढला की लगेच क्लच सोडा. किती चढवायचा ते कान थोड्या दिवसांत शिकतो. किंचित जास्त झाला तर चालेल, कमी नको. एकाच पायानं ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर सांभाळायची रेसिंगवाल्यांची कसरत घाटात करू नका, तिची गरजच नाही. माझी आई घाटात पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसायची. मी रेस द्यायला लागल्यापासून ती पोलादपूरपर्यंत झोपते.

खालच्या गिअरची कटकट नको म्हणून न्यूट्रलवर घाट उतरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. म्हणे पेट्रोल वाचतं. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना पाय उचलला की इंजेक्टर इंधनच बंद करतात; न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. आणि अख्खा घाट एकट्या ब्रेकच्या गळ्यात पडतो.