गाडीची उंची वाढवायची आहे? आरटीओत मंजुरी कशाला मिळते, कशाला नाही

पहिले चार पाऊस झाले की चोरल, जानापाव, पातालपाणीच्या कच्च्या वाटांवर इंदूरच्या छोट्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या, गाड्या दिसू लागतात. माळव्याची काळी माती भिजली की टायरच्या खाचा बुजतात, चाकोरी खोल होत जाते आणि एखाद्या ठिकाणी गाडीचं पोट टेकतं. सोमवारी लगेच गॅरेजमध्ये चौकशी सुरू होते : दोन इंच लिफ्टला किती लागतील? आणि मग माझ्याकडे दुसरा प्रश्न येतो : आरटीओत कोणता फॉर्म भरायचा?

उत्तर आधीच सांगतो. नोंदणी झालेल्या खासगी गाडीला बाजारातलं लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारे सुटे भाग, बसवायला मंजुरी मिळेल असा अर्जच नाही. तुम्ही कितीही कागद जोडलेत तरी इंदूर आरटीओच्या नायता मुंडल्यातल्या कार्यालयातून ‘हो’ येणार नाही. हे किटचे पैसे मोजण्याआधी कळावं, म्हणून हा लेख.

कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ५२. निर्मात्याने मुळात जे तपशील ठरवून दिले आहेत, त्यांच्याशी आरसीतली, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रातली, नोंद विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असं हे कलम सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात याचा अर्थ आणखी स्पष्ट केला : निर्मात्याची मूळ वैशिष्ट्यं बदलता येणार नाहीत. आरसीतल्या बाकीच्या नोंदी नियमांनुसार बदलता येतात.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की आरसीवर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, लिहिलेलाच नाही, मग विसंगती कुठून येणार? युक्तिवाद ऐकायला पटतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आरसी हा गाडीचा थोडक्यात उतारा असतो. तुमचं मॉडेल विक्रीला येण्याआधी त्याचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासला जातो. ब्रेक, दिवे, स्टीअरिंग हे सगळं त्या गाडीच्या त्या उंचीवर, त्या टायरवर, त्या सस्पेन्शनवर पास झालेलं असतं. गाडी दोन इंच वर उचलली की तपासलेली गाडी वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी. तरी विक्रेता ‘आमचं किट सर्टिफाइड आहे’ म्हणाला, तर प्रमाणपत्र हातात घ्या आणि ते कशाचं आहे ते वाचा. बहुतेक वेळा ते कारखान्याच्या गुणवत्ता व्यवस्थेचं असतं किंवा फार तर सुट्या भागाचं. किट बसवलेल्या तुमच्या मॉडेलच्या मान्यतेचा कागद मागा. तो मिळत नाही.

दंडाची तरतूद १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत आहे. कलम १८२अ, उपकलम ४ : परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण लिफ्ट केलेल्या गाडीला सहसा मोठे टायर आणि लोखंडी बंपरही असतात. शिवाय कलम ५३ खाली नोटीस देऊन, तुमचं म्हणणं ऐकून, नोंदणी निलंबित करता येते. मला त्याहून जास्त भीती विम्याची वाटते. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या अहवालात आला, की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. सगळी पदरमोड होते ती तिथे.

मंजुरी कशाला मिळते

गाडीचा रंग बदलणं, मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजी किट बसवणं, मान्यताप्राप्त किटने गाडी विजेवर नेणं, त्याच प्रकारचं इंजिन बदलून टाकणं, आणि दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेणं. या बदलांना नियमांत जागा आहे आणि त्यांची नोंद आरसीत होते. अर्ज करणारा नोंदणीकृत मालकच हवा. गाडी जुनी घेतली असेल आणि आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल, तर आधी गाडी आपल्या नावावर करून घ्या, मग बाकी सगळं.

अर्ज परिवहन पोर्टलवर होतो. वाहनाशी संबंधित सेवांमध्ये जाऊन राज्य निवडायचं, गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक टाकायचे. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि निम्म्या लोकांची गाडी इथेच अडते, कारण तो नंबर शोरूममधल्या कुणाचा तरी किंवा बंद पडलेला असतो. म्हणून मोबाइल नंबर आधी अद्ययावत करून घ्या. मग वाहनातील बदलाची सेवा निवडायची, शुल्क भरायचं, पावती छापायची आणि ठरलेल्या दिवशी गाडी घेऊन तपासणीला जायचं. निरीक्षक चेसिस नंबर प्रत्यक्ष पडताळतो.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, आणि जो भाग बसवला त्याचं बिल व मान्यतेचं प्रमाणपत्र घ्या. सीएनजीसाठी अधिकृत फिटरचं आणि सिलिंडरचं प्रमाणपत्रही लागतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी आणा. आरसीवर बँकेचं नाव असताना तिला न विचारता बदल करता येत नाही, हे अनेकांच्या गावीही नसतं. नोंद झाल्यावर नव्या आरसीची प्रत विमा कंपनीला पाठवा.

मग चिखलातून जायचं कसं?

लिफ्टबद्दल एक गोष्ट गॅरेजमध्ये फारसं कुणी सांगत नाही. मारुतीच्या जिम्नी आणि जिप्सीला पुढेमागे सलग अॅक्सल आहे, म्हणजे दोन चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा. स्प्रिंग उंच केल्याने चेसिस वर जाते, पण अॅक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तिथेच राहतो. दगडाला आधी लागतो तो हाच गोळा. त्याला वर नेतो फक्त टायर. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, म्हणजे व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७३३ होतो आणि गोळा जेमतेम २० मिलिमीटर वर येतो. त्या बदल्यात वेगाचा काटा १०० दाखवताना गाडी जवळपास १०६ ने धावते. मोजून पाहिलं तर कमाई तेवढीच.

म्हणून माझा सल्ला : मूळ उंचीचेच चांगले शॉकअप आणि स्प्रिंग घ्या, मालकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापात चिखलाला चालणारे टायर निवडा, कंपनीच्याच अॅक्सेसरी यादीत असेल तर खालची संरक्षक पट्टी लावा. चिखलात शिरण्यापूर्वी हवा कमी करा, आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी ती पुन्हा भरायला पंप जवळ ठेवा. जिम्नीचा २१० मिलिमीटर क्लिअरन्स चोरलच्या वाटांना पुरतो. टायर योग्य असले पाहिजेत.

आधीच लिफ्ट केलेली गाडी घेतली असेल तर

माझ्या आत्तेभावाने जुनी जिप्सी घेतली, तिची पंधरा वर्षं पुरी व्हायला आली होती. मागे-पुढे लांब शॅकल, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगला चेसिसशी जोडणारे दुवे, लावून गाडी उचललेली होती. नोंदणी नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरायचा असतो, आणि तो मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत. एप्रिल २०२२ पासून मोटारगाडीला त्याचं शुल्क ५,००० रुपये झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये ते आणखी वाढलं. तपासणीत पास झालात तर पुढची पाच वर्षं मिळतात. तपासणीला नेण्याआधी आम्ही गाडी जॅकवर घेतली. अॅक्सल खाली लोंबकळला आणि पुढच्या डाव्या चाकाची ब्रेकची रबरी नळी दोरीसारखी ताठ झाली. तिच्या टोकाशी, जोडाच्या अगदी कडेला, बारीक चिरा होत्या. बोट फिरवलं की नखाला लागत होत्या. याच गाडीतून माझा भाऊ बायको-मुलाला घेऊन जाम गेटच्या घाटातून उतरून आला होता. मी बराच वेळ ती नळी हातात धरून बसलो होतो.

अशी गाडी मूळ रूपात आणायला अर्ज लागत नाही, कारण तुम्ही ती निर्मात्याने ठरवलेल्या स्थितीत परत नेत असता. मूळ मापाचे शॅकल, ब्रेकच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या, पाटे तपासून घेतलेले, व्हील अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा झोत पुन्हा खाली आणून लावलेला. पुढून उचललेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जात असतो. प्रत्येक कामाचं पक्कं बिल घ्या, त्यावर गाडीचा नंबर लिहून घ्या. काढलेले लांब शॅकल कुणाला विकू नका.

आम्ही ती बिलं फाइलला लावून तपासणीला गेलो. निरीक्षकाने वाकून खाली पाहिलं, चारही कोपरे दाबून पाहिले, चेसिस नंबर जुळवला. नूतनीकरण झालं. फाइल गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्येच असते.