मिनिटाला एक पिक्सेल

लघवीच्या कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे त्यातल्या जिवाणूवर कोणतं औषध चालेल याचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तोवर डॉक्टरांना अंदाजानेच अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. हे दिवस जातात कुठे? पहिल्या दिवशी नमुना प्लेटवर लावतात आणि रात्रभर ३५ अंश सेल्सिअसला ठेवतात. दुसऱ्या दिवशी उगवलेल्या वसाहतींपैकी काही उचलून सलाईनमध्ये ०.५ मॅकफार्लंडइतका (गढूळपणाचं ठरलेलं माप) गढूळपणा येईपर्यंत मिसळतात, म्हणजे मिलिलीटरला साधारण १५ कोटी जिवाणू. म्यूलर-हिंटन अगर या पोषक जेलीच्या ४ मिमी थरावर ते सारखे पसरवून औषधाच्या डिस्क (कागदी चकत्या) ठेवल्या, की पुन्हा १६ ते १८ तास थांबायचं. तिसऱ्या दिवशी डिस्कभोवतीच्या, जिवाणू न वाढलेल्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मोजतात. असे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेनुसार सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या ५ मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती ते २६ मिमी किंवा जास्त भरलं तर ई. कोलाय (लघवीच्या संसर्गातला नेहमीचा जिवाणू) औषधाला दाद देतो. २१ मिमी किंवा कमी भरलं तर देत नाही.

औषध जिवाणूवर काम करू लागतं ते काही मिनिटांतच. वेळ खाते ती जिवाणूंची एवढी गर्दी जमण्याची वाट, की नुसत्या डोळ्यांना फरक दिसावा. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका जिवाणूची वाढच मोजली, तर ही वाट पाहावी लागत नाही.

हिशोब करून पाहू. चांगल्या माध्यमात ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे मिनिटाला साधारण ३.५ टक्के वाढ. २ मायक्रॉन लांबीचा जिवाणू मिनिटाभरात ०.०७ मायक्रॉन वाढतो. कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रॉनचा आणि वस्तुभिंग १०० पटींचं असेल, तर चित्रातला एक पिक्सेल ०.०६५ मायक्रॉनचा पडतो. मिनिटाला एक पिक्सेल! एकट्या जिवाणूच्या मोजमापात एवढा फरक चुकीतच हरवेल. पण १०० जिवाणूंची सरासरी घेतली की यादृच्छिक चूक दहापट कमी होते, आणि पाच-दहा मिनिटांत वाढीचा वेग स्पष्ट दिसतो.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये हेच करून दाखवलं. त्यांच्या चिपवर, म्हणजे द्रव वाहण्यासाठी सूक्ष्म वाटा कोरलेल्या छोट्या पट्टीवर, जेमतेम एका जिवाणूच्या रुंदीच्या खाचांच्या रांगा आहेत. खाचेचं टोक इतकं अरुंद, की द्रव पुढे जातो आणि जिवाणू अडकतो. काही खाचांतून औषध मिसळलेलं माध्यम वाहतं, काहींतून बिनऔषधाचं. फेज कॉन्ट्रास्टने (पारदर्शक जिवाणूही न रंगवता उठून दिसतील अशा सूक्ष्मदर्शनाने) ठरावीक अंतराने छायाचित्रं घेऊन दोन्हींकडच्या वाढीची तुलना करतात. ई. कोलायच्या ४९ नमुन्यांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालेल की नाही, हे १० मिनिटांच्या आत कळलं. याच कामातून पुढे आलेल्या पीए-१०० या यंत्राला २०२४ मध्ये ब्रिटनचा ८० लाख पौंडांचा लाँगिट्यूड पुरस्कार मिळाला. अर्ध्या मिलिलीटरपेक्षा कमी लघवीवर ते ४५ मिनिटांत निकाल देतं.

बिनऔषधाच्या खाचा हा या पद्धतीचा कणा आहे. तिथलेच जिवाणू वाढत नसतील तर औषधाबद्दल काहीच म्हणता येत नाही. हे बऱ्याच कारणांनी होतं: रुग्णाने आधीच गोळी घेतलेली असते, चिप ३७ अंशांना पोचलेली नसते, किंवा नमुना बोरिक ॲसिडच्या बाटलीत आलेला असतो. बोरिक ॲसिड वाढ रोखण्यासाठीच घातलेलं असतं, ते इथे आडवं येतं.

तापमान फोकसही बिघडवतं. १० सेंटिमीटर ॲल्युमिनियम एका अंशाने तापलं तर २.३ मायक्रॉनने लांबतं, आणि अशा ताकदवान भिंगाची फोकसची खोली अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. जिवाणू धूसर झाला की सॉफ्टवेअरला त्याची कड नीट सापडत नाही, आणि न झालेली वाढ आकड्यांत दिसू लागते. म्हणून यंत्र आधी तापू द्यायचं आणि प्रत्येक छायाचित्राआधी फोकस पुन्हा साधायचा. हवेचे बुडबुडे, पांढऱ्या पेशी, लघवीतले स्फटिक यांनीही खाचा तुंबतात.

खरी कसोटी मात्र औषधांच्या स्वभावाची आहे. सिफॅलेक्सिन जिवाणूला विभागू देत नाही, पण लांबू देतं. जिवाणू दोऱ्यासारखा ताणत जातो आणि मग फुटतो. नुसती लांबी मोजणारा प्रोग्रॅम सुरुवातीला त्याला ठणठणीत ठरवेल. मेसिलिनममुळे दंडगोल जिवाणू गोल होतो, तिथे लांबीचं मापच निरुपयोगी. त्यामुळे प्रत्येक औषधासाठी काय मोजायचं आणि किती वेळ थांबायचं, हे वेगळं ठरवावं लागतं. काही जिवाणूंमध्ये औषध समोर आल्यावरच प्रतिकाराचं जनुक जागं होतं, तिथे घाईने दिलेला 'चालेल' हा निकाल घातक ठरेल. हजारात एखादाच प्रतिकारक जिवाणू असेल, तर १०० जिवाणूंत तो बहुधा सापडणारच नाही. डिस्कभोवतीच्या वर्तुळात उगवलेली एकटी वसाहत मात्र त्याला उघड करते. म्हणून चिपचा निकाल हाती आला तरी, विशेषतः वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णाचा नमुना प्लेटवरही लावावा.