डोळे मिटलेले सोळा पुरुष आणि मेक्सिकोतलं एक स्वयंपाकघर

अतिवास्तववाद म्हणजे स्वप्नांना आणि सुप्त मनाला कलेत वाट देणारी चळवळ. पॅरिसच्या अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकाचा डिसेंबर १९२९चा अंक उघडला की तिथली बाई आणि गूढ यांची सगळी भानगड एका जागी सापडते. त्यात चळवळीचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँ याचा दुसरा जाहीरनामा आहे. चळवळीने आता लोकांच्या नजरेआड, गूढात खोल शिरावं, असं तो बजावतो. त्याच अंकात एक फोटोंची चौकट आहे. मधोमध चित्रकार रने माग्रितने रंगवलेली नग्न बाई आणि भोवती चळवळीतले सोळा पुरुष, सगळ्यांचे डोळे मिटलेले. गूढ म्हणजे काय, तर बाई. आणि ते बघणारे कोण, तर आपण पुरुष!

त्या वर्तुळात बाईला मान होता, पण तो प्रेरणेचा, फार तर अंगात येणाऱ्या माध्यमाचा. गूढविद्या स्वतः शिकायला निघालेल्या बाईचं काय व्हायचं, ते लंडनमध्ये दिसलं. आयथेल कहून ही चित्रकार जन्माने आपल्या शिलाँगची (१९०६). किमया, कबाला ही ज्यू गूढविद्या, गुप्त मंडळं यांत ती मनापासून रमली होती. १९४० साली ब्रिटिश गटाचे म्होरके ई. एल. टी. मेसेन्स यांनी सदस्यांना दुसऱ्या संस्थांशी संबंध ठेवायला बंदी केली. कहूनने गूढविद्या सोडायला नकार दिला आणि ती गटाबाहेर पडली. गूढात शिरा म्हणणाऱ्यांना कोणी खरोखर शिरलेलं मात्र चाललं नाही.

बाई आणि गूढविद्या यांचं खरं रसायन जमलं ते मेक्सिको सिटीत, आणि तेही युद्धामुळे. स्पेनच्या यादवी युद्धात हरलेल्या प्रजासत्ताकवाद्यांना मेक्सिकोने आसरा दिला होता. १९४१च्या अखेरीस चित्रकार रेमेदिओस वारो तिथे पोचली. ही कातालोनियाची. वडील जलअभियंता, लेकीकडून यंत्रांचे आराखडे गिरवून घ्यायचे. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या लँकेशरची चित्रकार लिओनोरा कॅरिंग्टन आली. तिचा जोडीदार, जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्ट याला फ्रान्समध्ये छावणीत टाकल्यावर ती कोलमडली होती. स्पेनमधल्या सांतान्देरच्या मनोरुग्णालयात झटके आणणारी इंजेक्शनं सोसून ती सुटली होती. तिसरी मैत्रीण हंगेरीची छायाचित्रकार काटी होर्ना.

तिघी कोलोनिया रोमा भागात एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर राहायच्या आणि गुर्जिएफ या गूढवादी गुरूच्या शिकवणीपासून भविष्य सांगणाऱ्या टॅरो पत्त्यांपर्यंत हाती लागेल ते वाचायच्या. झोपमोडीवर आणि नको त्या स्वप्नांवर उतारा म्हणून वारो गमतीच्या पाककृती लिहायची. एकदा माकुलाच्या शाईत काळा केलेला साबुदाणा त्यांनी पाहुण्यांना कॅव्हिअर, म्हणजे माशाची महागडी अंडी, म्हणून वाढला, अशीही आठवण सांगतात. थट्टा होतीच, पण चूल आणि किमयागाराची भट्टी यांचं नातं त्यांनी फार गांभीर्याने घेतलं होतं. कॅरिंग्टन तर रंगही टेंपेरा या जुन्या पद्धतीने अंड्याच्या बलकात कालवायची.

वारोचं १९५७चं 'पक्ष्यांची निर्मिती' हे चित्र जवळून बघा. घुबडाच्या तोंडाची एक बाई टेबलाशी शांत बसली आहे. गळ्यात छोटं व्हायोलिन, त्याच्या तारेला ब्रश जोडलेला. दुसऱ्या हातातल्या त्रिकोणी भिंगातून ताऱ्याचा उजेड कागदावर पडतो आणि तिथे काढलेला पक्षी पंख हलवून उठतो. शेजारच्या अंडाकार भांड्यांच्या जोडीतून तीन रंग थेट पॅलेटवर टपकतात. कसलाही झटका नाही की समाधी नाही. ही बाई कामात आहे, आणि यंत्राचा प्रत्येक सांधा वडिलांच्या आराखड्यासारखा नेमका आहे. १९२९च्या चौकटीला याहून चोख उत्तर मला तरी माहीत नाही.

मेक्सिकोतल्या सुरुवातीच्या काळात वारोला पोटासाठी बायर कंपनीच्या जाहिराती काढाव्या लागत. स्वतःचं पहिलं एकल प्रदर्शन तिने १९५६ साली भरवलं आणि १९६३मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. कॅरिंग्टन मात्र २०११पर्यंत, बहुतेक काळ मेक्सिकोत, चित्रं काढत, शिल्पं घडवत जगली. २०२२च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनाने शीर्षक घेतलं ते तिच्याच मुलांसाठीच्या पुस्तकाचं. मे २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिचं १९४५ सालचं एक टेंपेरा चित्र २.८५ कोटी डॉलरना गेलं.