दादागिरी, शालेय : बळी पडण्याची कारणे

एखाद्या विद्यार्थ्याला सोबत्यांनी मुद्दाम व वारंवार छळणे आणि त्याला स्वतःचा बचाव करणे अवघड जाणे, म्हणजे शालेय दादागिरी. बरोबरीच्या दोन पोरांची मारामारी तीत मोडत नाही. ही व्याख्या रूढ केली ती डॅन ओल्वेउस (१९३१–२०२०) या मूळच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी. १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हेच कारण असावे असे दिसल्याने १९८३ मध्ये तेथे देशव्यापी मोहीम सुरू झाली, आणि ओल्वेउस यांची प्रतिबंधक योजना तिच्यातूनच उभी राहिली.

चष्मा, जाडेपणा किंवा बोलण्याची ढब यांमुळे मूल लक्ष्य होते, असा सर्वसाधारण समज आहे. स्वीडनमधील मुलग्यांच्या पाहणीत ओल्वेउस यांना तो टिकलेला दिसला नाही. असे वेगळेपण न छळल्या गेलेल्या मुलांतही तितकेच होते. फरक होता अंगातल्या ताकदीत आणि स्वभावात. भित्री, हळवी, उलटून न बोलणारी मुले जास्त सापडत. ‘ए ढापण्या’ ही हाक वर्गात दोघांना बसते. एक जण उलट काहीतरी हासडून मोकळा होतो, दुसरा मान खाली घालतो. पुढच्या आठवड्यात ती हाक दुसऱ्याचीच झालेली असते. अर्थात हा निष्कर्ष सरसकट लावू नये. लठ्ठपणा, अपंगत्व व लैंगिक कल यांमुळे धोका वाढतो, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले. आपल्याकडे त्यात आडनावावरून ओळखली जाणारी जात आणि गावाकडची बोली यांची भर पडते. काही मुले स्वतःही चटकन भडकतात. त्यांचा छळ होतो तो होतोच, वर ‘हाच खोड्या काढतो’ म्हणून शिक्षकही त्यांची बाजू घेत नाहीत.

सर्वांत भक्कम आधार मित्राचा. पाठीशी उभा राहणारा एक मित्रही पुरतो. लाजाळू मुलाचा स्वभाव न बदलताही त्याचा धोका कमी होतो. शाळा बदलल्यावर हा आधार तुटतो. मधल्या सुट्टीत शिक्षक मैदानावर फिरत असले, तरी फरक पडतो.

फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये बघ्यांकडे लक्ष वेधले: कोणी छळणाऱ्याला साथ देतो, कोणी नुसता हसतो, कोणी सोडवायला जातो. हसणारे जास्त असतील त्या वर्गात भित्र्या मुलाला धोकाही जास्त. तेथील ‘किवा’ हा दादागिरी रोखण्याचा शालेय कार्यक्रम म्हणूनच अख्ख्या वर्गाला हाताशी धरतो. त्याचीही एक अडचण आहे. छळ एकंदरीत कमी झालेल्या वर्गात जो एखादा अजूनही छळला जातो, त्याचे हाल अधिक होतात. कारण आता दोष आपलाच, असे त्याला वाटू लागते.