प्रतिभाताई ‘अचानक’ राष्ट्रपती झाल्या नाहीत

२००७ पासून एक समज खान्देशातही फिरतोय: ‘प्रतिभाताई पाटलांना राजकारणाचा गंध नव्हता, नशिबाने थेट राष्ट्रपती भवन मिळालं.’ साफ खोटं. नाडगावात जन्मलेल्या ताई १९६२ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, जळगावातून आमदार झाल्या. १९६७ पासून एदलाबादने, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरने, त्यांना सलग चारदा निवडून दिलं. मंत्रिपदं मिळालीच, पण १९७९ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारसमोर विधानसभेत त्या विरोधी पक्षनेत्या होत्या, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. सत्ता गेल्यावर विरोधी बाकांवरून किल्ला लढवणं येरागबाळ्याचं काम नव्हे! पुढे राज्यसभेचं उपसभापतिपद, अमरावतीची खासदारकी आणि २००४ मध्ये राजस्थानचं राज्यपालपद. तिथल्या त्या पहिल्या महिला राज्यपाल.